दोरीबुवांनी पाडलेला पडदा

मुलीनं पसंत केलेला मुलगा पहिल्यांदा घरी आला, तेव्हा दोरीबुवांना वाटलं, दाराशी कुणीतरी टोप्यांचा स्टँड आणून ठेवलाय. उंच, हडकुळा आणि निश्चल. बुवा टोपी अडकवायला गेले तर स्टँड म्हणाला, "नमस्कार." हा नमस्कार सुरू होऊन संपेपर्यंत चहा दोनदा गरम करावा लागला.

"संगीतकार आहे, बाबा," मुलगी म्हणाली. "कमीत कमी सुरांत संगीत करतो."

"मग कंजूष म्हण ना सरळ!"

दोरीबुवा नाट्यगृहात पडदा ओढायचे. रंगमंचाकडे ते बघतसुद्धा नसत. विंगेत त्याच्याकडे पाठ करून बसायचे. त्यांची सारी भिस्त खोकल्यावर. लोकांना घरची आठवण झाली की घसे खवखवतात, आणि सगळं सभागृह खोकू लागलं की समजायचं, खेळ संपत आला. मग बुवा दोरी धरायचे. आजवर पडदा चुकला नव्हता.

होणाऱ्या जावयाचा कार्यक्रम नेमका तिथेच ठरला.

"हा नीट पार पडला की तो मागणी घालायला येणार आहे," मुलीनं बजावलं. "तुम्ही मध्ये काही करू नका हं."

"मी काय करणार गं? दोरी तर धरतो!"

पडदा वर गेला. मुलानं पियानोची एक पट्टी दाबली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. सूर पार विरला. पुन्हा तीच पट्टी. तिसऱ्यांदा दाबली तोवर पुढे कुणीतरी खाकरलं आणि वणवा लागावा तसा खोकला शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

'आटोपशीर आहे हो पोरगा,' म्हणत बुवांनी कौतुकानं पडदा सोडला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढे खूश होऊन लोक कधीच घरी गेले नव्हते.

"काका," पियानोपाशी बसूनच मुलगा म्हणाला, "अजून दीड तास होता."

"अरे, मग वाजवायचंस ना!"

"वाजवतच होतो."

बुवांच्या पायांखालची जमीन सरकली. पोरीचं लग्न आपण आपल्या हातानं मोडलं! त्यांनी पडदा असा खेचला की कप्पी किंचाळली. समोर रिकाम्या खुर्च्या आणि मधोमध एकटी मुलगी.

"वाजव रे बाबा," बुवा गयावया करू लागले. "आता कुणी शिंकलं तरी मी हलत नाही."

मुलगा वाजवू लागला. बुवा दोरीला लटकल्यासारखे उभे राहिले. मुलीनं सगळं ऐकलं. त्याचं संगीत तिनंही तोवर सलग कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला नकार कळवला.