पडद्याची मागची बाजू

साठच्या दशकात मी अकोल्यात आरोग्य खात्याच्या प्रचारगाडीवर होतो. गाडीत प्रोजेक्टर, जनरेटर, भोंगा आणि एक पांढरा पडदा. मुंबईहून येणाऱ्या फिल्मा लोक आवडीनं बघत आणि सकाळी पुन्हा पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी भरत. त्या पाण्यातून अंगात शिरणारा नारूचा जंत काही हटत नव्हता. माझं डोकं फिरायचं. शेवटी साहेबांच्या मागे लागून कॅमेरा मिळवला आणि इथलीच फिल्म करायचं ठरवलं.

त्यासाठी विहीर हवी होती कठड्याची, रहाटाची, भोवती चिखल नसलेली. तेल्हाऱ्याकडच्या एका गावात तशी एकच सापडली, तीही बौद्ध वस्तीत. गावच्या विहिरीवर त्यांना येऊ देत नसत, म्हणून त्यांनी ती स्वतः खणली होती. तिथल्या एका बाईनं पाणी ओढलं, दुहेरी फडक्यातून गाळलं आणि पाहुणा म्हणून बसवलेल्या आमच्या ड्रायव्हरला पेला भरून दिला. मी पुन्हा पुन्हा करायला लावलं तेव्हा म्हणाली, “भाऊ, पाव्हन्याचं पोट फुटन आता!” निघताना तिनं बजावलं, “पयले इथंच दाखवजा. मले पाह्याचं हाय.”

दाखवली. चावडीपुढच्या मैदानात दोन बांबूंना पडदा बांधला. समोर जाजमावर गाव बसलं आणि वस्तीतली माणसं नेहमीसारखी पडद्याच्या मागे. त्यांना कोणी तसं सांगितलं नाही, सांगावं लागतच नसे. कापड पातळ होतं, मागूनही चित्र दिसे.

फिल्म संपली आणि ती बाई तरातरा प्रोजेक्टरपाशी आली.

“भाऊ, मी का डावखुरी हाय? पाव्हन्याले डाव्या हातानं पानी देईन का मी? बाया हासून राहिल्या मले!”

“मागून उलटं दिसतं, बाई. समोरून बरोबर आहे.”

“मंग समोरूनच पाहीन. लावा पुन्हा.”

आणि ती जाजमाच्या पुढच्या कडेला जाऊन बसली.

सरपंच म्हणाले, “मांगं काय कमी हाय तुले?”

“मांगं माहा हात उलटा दिसते,” ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

मी घाबरलो होतो, पण खरं सांगायचं तर मला आनंदही झाला होता. सरपंच आणखी काही बोलायच्या आत मी रीळ गुंडाळून पुन्हा लावलं. जाजमावरच्या दोघीचौघी उठून गेल्या. पडद्यावर तिनं उजव्या हातानं पेला पुढे केला आणि ड्रायव्हर घटाघटा प्यायला. तिला हसणाऱ्या बाया एकेक करून पडद्यामागून पुढे आल्या, तिच्याशेजारी बसल्या.

त्यानंतर कुठल्याही गावात गेलो की मी आधी भिंत शोधायचो आणि पडदा भिंतीलाच ठोकायचो. मागे बसायला जागाच ठेवायची नाही. ऑफिसात विचारलं तर सांगायचो, वाऱ्यानं फार फडफडतो.