संकष्टीच्या दिवशी रक्ताची पिशवी

आईला कॅन्सरची औषधं सुरू होऊन तीन महिने झाले होते. पुढच्या डोससाठी तिला धावड्याहून जालन्याच्या दवाखान्यात आणलं, तर डॉक्टर म्हणाले, रक्त फार कमी झालंय. आधी रक्त चढवू, वाढलं तरच डोस देता येईल. कापूस वेचताना दोन बायांना मागं टाकणारी माझी आई तेव्हा चार पावलांत खाली बसायची. डोस लांबला तर काय, या धास्तीनं माझा जीव टांगणीला लागला होता.

पिशवी आली. सिस्टरनं नाव आणि रक्तगट दोनदा पडताळला. ती सुई लावणार तोच आईनं हात पदराखाली घेतला.

"आज संकष्टी हाय. चंद्र निघाल्यावर लावा."

सिस्टर हसली. "आजी, पिशवी फ्रीजातून काढली की जल्दी लावावी लागती. न्हाईतर वाया जाती."

"पन ज्यानं दिलं, तो जेवून आल्ता का?"

"बिलकुल. उपाशी माणसाचं आम्ही घेतच न्हाई."

खरं बोलून सिस्टरनं घोळ करून ठेवला.

"मंग ते जेवणच झालं की," आई म्हणाली.

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आईचा हात काही पदराबाहेर येईना.

शेजारच्या खाटेवर अंबडच्या एक मुसलमान बाई होत्या, आजार हाच. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्यात बीमार माणसाला रोजा माफ हाय, आपा. तुमच्यात न्हाई का?"

आता आपला देव जास्त कडक, हे आई कशी कबूल करणार?

"आमच्यातबी माफ हाय," ती ठसक्यात म्हणाली. "गणपतीला समजतं बराबर." आणि तिनं हात पुढे केला.

पिशवी संपायला तीन तास लागले. दुसऱ्या दिवशी तपासणीत रक्त वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी डोसला होकार दिला. मी सांगायला गेले, तर आई खाटेवरून उतरून उभी. मी घाईनं धरायला धावले.

"सरक. पायात पायात येऊन राह्यली नुसती. अन् केस विंचर आधी, काय अवतार करून ठेवलाय."

महिनाभर ती मला रागावलीच नव्हती. तेवढं बळच नव्हतं तिच्यात. मी गपचूप फणी घेऊन बसले, पण डोळे इतके भरून आले होते की भांग काही सरळ निघेना.