सोजराबाईचा अंगठा

दुपारची भाकरी पोटात गेली की गजराचे डोळे जडावतात. अर्धं विणलेलं टोपलं मांडीवर कलंडतं, आणि पाहते तर समोर सासू बसलेली. सोजराबाई. तीन महिन्यांपूर्वी वारलेली, पण बांबू सोलायला बसली आहे रोजच्यासारखी.

"ऊठ गं. सभेला चल," म्हातारी म्हणते.

"कसली सभा, आत्याबाई? ती तर कवाच झाली."

झाली होती खरी, पण कागदावर. ग्रामसभेला माणसं भरेनात, म्हणून पंचायतीचा शिपाई वही घेऊन कैकाडी वस्तीत दारोदार फिरला. "पाण्याच्या टाकीचं हाय, लावा अंगठे." गजराने डावा लावला. मग शिपाई म्हणाला, "म्हातारीचं नाव अजून यादीत हाय. तिचाबी लाव, न्हाईतर तिच्या नावावरचं घरकुल जाईल." गजराने उजवा लावला. टाकी कुठली नि काय! गावाचा सगळा कचरा वस्तीच्या अंगावर टाकायचा ठराव निघाला, तोही 'वस्तीच्या संमतीने'. हरकत घ्यायची मुदत आज संध्याकाळी संपते, आणि खोटा अंगठा आपलाच म्हणून गजरा तोंड शिवून बसली आहे.

उंबऱ्यापलीकडे अंगण नाही, पंचायतीचं सभागृह आहे. खुर्च्यांवर कचऱ्याची पोती बसली आहेत. कुणीतरी ठराव वाचतं, पोती डुलतात, "मंजूर, मंजूर" म्हणतात, आणि त्यांच्या तोंडातून नासकं वरण गळतं. ते वाहत वाहत येतं ते थेट गजराच्या चुलीत.

एक खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर सोजराबाईचं नाव आहे.

"ह्यांच्यात बसवलंस मला?" म्हातारी रागावलेली नाही, तिला किळस आली आहे. "जिती हुते तवा कुणी खुर्ची दिली न्हाई. मेल्यावर हजर केलं व्हय?"

"घरकुल जाईल म्हणून, आत्याबाई..."

"आन् बांधणार कुठं? उकिरड्यात?"

गजराला शिपायाची शिसारी येते, ठरावाची येते, पण सगळ्यात जास्त स्वतःच्या उजव्या हाताची येते.

सोजराबाई आपला अंगठा वर धरते. त्यावर कोयत्याच्या जुन्या घावाची आडवी रेघ आहे, सगळ्या वस्तीच्या ओळखीची. "वहीतल्या अंगठ्यावर ही रेघ हाय का बघा म्हणावं." ती अंगठा शाईत बुडवते आणि गजराच्या तळहातावर दाबते. थंडगार. "हा माझा. त्यो कुणाचा, ते तूच सांग."

टोपलं घरंगळून पायावर पडतं. गजरा दचकून उठते. उन्हं कलली आहेत.

तळहातावर निळा ठसा आहे, अजून ओला. मधोमध आडवी, कोरी रेघ.

ती हात धूत नाही. ठसा पुसू नये म्हणून मूठ अर्धवट मिटते आणि तशीच अनवाणी पंचायतीची वाट धरते.

"कुठं गं एवढ्या घाईनं?" शेजारीण विचारते.

"आत्याबाईला सभेतनं उठवून आणते."