तार किती सोसते

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ कंपनीत सॉफ्टवेअर तपासतात आणि घरी आल्यावर उरलेलं जग. कुणी कपड्यांसाठी नवी दोरी बांधली की आधी हे तिला लोंबकळणार. "बघू, किती सोसतेय." हेल्मेटसक्तीविरुद्धच्या प्रत्येक मोर्चात मात्र सगळ्यांच्या पुढे.

परवा त्यांनी आपल्या बेस गिटारची जाड तार कितपत ताण सोसते ते पाहायला बोलावलं. दारातच माझ्या हातात कोरं हेल्मेट दिलं. "घाला. तार तुटली तर डोकं फुटेल." दुसरं त्यांनी स्वतः चढवलं. वहिनींनी कढई उपडी करून डोक्यावर धरली.

ते खुंटी पिळत गेले. तारेचा आवाज चिरका झाला, गिटारची मान धनुष्यासारखी वाकली आणि हसून हसून वहिनींची कढई डुगडुगायला लागली. टणकन काहीतरी माझ्या हेल्मेटवर आदळलं. तार शाबूत होती, खुंटीच उडाली होती.

"तार पास," ते खुशीत म्हणाले आणि पेढे आणायला निघाले. गॅलरीतून पाहतो तर हेल्मेट स्कूटरच्या आरशाला अडकवलेलं.

"अहो, डोक्यावर घाला ते," मी वरून ओरडलो.

त्यांनी किक मारली. "रस्त्यावर कुठे तार ताणलीय?"