उपाशी कोपरा

माझी बायको सुलोचना गेली त्याच्या आदल्या दुपारी आम्ही दोघं सक्करदऱ्याच्या घरी गच्चीवर उन्हात बसलो होतो. ती नातीच्या लेकरासाठी गोधडी शिवत होती आणि मी सुईत दोरा ओवून देत होतो. डोळे दोघांचेही मंदावलेले, पण माझे तिच्याहून बरे. मी फुटाणे खात होतो. एक फुटाणा गोधडीवर पडला, तं तिनं विंचू झटकावा तसा झटकला. "दाणा पाडू नका म्हणून किती डाव सांगू तुमाले?" मग चौथा कोपरा उघडाच ठेवला, सुई खोचली आणि म्हणाली, "हे उद्या." सकाळी ती उठलीच नाही.

आता सव्वा महिना झाला. लोक येतात, म्हणतात, बाई हाताची चांगली होती, कमी बोलायची. कमी काहून बोलायची ते कोणी सांगत नाही. कोणाले माहीतच नाही. ते मी सांगतो.

तरुणपणी मी विमानाच्या एका क्लबात हेल्पर होतो. तिथं एक जुनं विमान होतं, दोन्हीकडं एकावर एक असे पंख असलेलं. लढाईच्या काळातलं. आधी फौजेतली पोरं त्याच्यावर उडायला शिकली. फौजेनं काढून टाकलं तं ते क्लबात आलं, आणि इथंही म्हाताऱ्या मास्तरासारखं शिकवतच राहिलं. शिकणाऱ्यांनी त्याले किती डाव आपटलं, चाकं मोडली, पण त्यानं कोणाचा जीव घेतला नव्हता. त्याच्या पंखाले पत्रा नव्हता. लाकडाच्या सांगाड्यावर कापड शिवायचं आणि वरून रोगण मारायचं, मग कापड ढोलकीसारखं ताणून बसे. पिकल्या केळीसारखा वास यायचा त्या रोगणाले. शिवणारा टेलर म्हातारा होऊन गावी गेला, आणि डाव्या पंखाचं कापड बदलायचं निघालं, तेव्हा मी म्हटलं, माझी बायको शिवते. इंजिनिअरसाहेबानं आधी तिच्याकडून जुन्या कापडावर शिवून घेतलं, मग पंख दिला, आणि शेवटी एकेक टाका बोटानं दाबून पास केला.

पण आमच्या गावाकडं, मौद्याच्या बाजूले, गोधडी उपाशी देत नाहीत. शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आत चिमूटभर जवारी टाकतात, म्हणजे पांघरणारा कधी उपाशी राहत नाही. तिनं पंखाच्या टोकाले तेच केलं. मी पाहिलं आणि पायलटसाहेबानं पाहिलं. मोठा हसरा माणूस. म्हणाला, "वहिनी, जेवलेला गडी आळशी होतो बरं. आता हे काही उडत नाही." ती तोंडाले पदर लावून हसली. "उपाशी गड्यापेक्षा आळशी बरा, साहेब."

थोड्याच दिवसांनी ते विमान पडलं. साहेब एकटेच होते. झाडांच्या वर गेलं, इंजिनचा आवाज तुटला आणि डाव्या अंगावर कलून खाली आलं... आम्ही पळत पोहोचलो तोवर कापड पेटलं होतं. हाती लागल्या त्या तारा आणि इंजिन. साहेबांबद्दल मी लिहीत नाही. चौकशीवाल्यांनी सांगितलं, इंजिन बंद पडलं.

संध्याकाळी ती चुलीपुढं बसून होती, चूल पेटवली नव्हती. म्हणाली, "सकाळी तुमचा डबा आणला, तवा त्या पंखाखाली उंदराच्या लेंड्या दिसल्या मले."

"उंदीर तं सगळ्या शेडमधी हायेत वं."

"बाकीच्या पंखात दाणे नाहीत."

मी म्हटलं, इंजिन बंद पडलं. "इंजिन बंद पडलं तं इमान घारीवानी तरंगत उतरते, तुमीच सांगता. मंग डाव्याच अंगावर काहून पडलं?" पंख जळून गेला होता. आजही कोणी विचारलं तं मले माहीत नाही. खोटं सांगून तिले झोपवावं असं कितीदा मनात आलं, पण तिनं लगेच पकडलं असतं.

त्यानंतर आमच्या घरात धान्य उघडं राहिलं नाही. माळ्यावर खुडबुड झाली की तिचा हात थांबे आणि तव्यावरची पोळी जळे. पूजेलेही तिनं केळी आणू दिली नाहीत. गोधड्या शिवत राहिली, मोहल्ल्यात सगळ्यांकडं तिच्या गोधड्या आहेत, पण दाणा एकीतही नाही. बाया टोमणे मारत, "काकू, लेकराची गोधडी उपाशीच दिली वं?" ती म्हणे, "उपाशीच बरी." एवढंच. आणि मधूनच, भाजी निवडता निवडता, मान वर न करता मले विचारी, "कुरतडलं असन का हो?" मी म्हणे, मले माहीत नाही. ती मान हलवून पुन्हा भाजीकडं वळे... पन्नास वर्षांच्या आसपास हे चाललं.

तिले घाटावर पोहोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलं होतं. मनीषनगरची लेक गोधडी घेऊन बसली. "बाबा, एकच कोपरा राहिला आईचा. मी करून टाकू?" मी म्हटलं, "इकडं दे." जवारीच्या डब्याचं झाकण घट्ट होतं, चमच्यानं उचकावं लागलं. चिमूटभर दाणे घेतले.

"बाबा, आई दाणे टाकत नव्हती."

"टाकत होती. तू नव्हती तवा."

कोपऱ्यात दाणे सोडले, सुईत दोरा ओवला आणि मीच शिवलं. टाके कोंबडीनं उकरल्यासारखे आले, पण कोपरा बंद झाला. मग गोधडी मांडीवर घेऊन गच्चीवर तिच्या जागी जाऊन बसलो, आणि उंदीर येते का, ते पाहत राहिलो.