हेट्टीला पक्का खिळा ठोकायचा होता

हेट्टी स्टॅलवुडचं तोंड बंद राहायचं ते फक्त कामावर, आणि तेही खिळ्यांनी भरलेलं असायचं म्हणून. इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायरच्या, खुर्च्या बनवणाऱ्या गावात गादीकाम करणारे सगळेच बारके खिळे गालात धरत. जिभेने एकेक ओठांवर आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीने उचलायचा आणि ठोकायचा.

पण रेव्हनहिलच्या कारखान्यात बायकांनी खिळा अर्धाच ठोकायचा, असा नियम. बैठकीखालच्या पट्ट्या ताणायच्या, कच्च्या अडकवून ठेवायच्या आणि बाजूला व्हायचं. मग पुरुष कारागीर येणार, तेच खिळे पक्के बसवणार आणि खुर्चीच्या पोटाशी पेन्सिलीने आपलं नाव लिहिणार. राबणारे हात एकाचे, नाव दुसऱ्याचं! हेट्टीच्या हातून ढीगभर खुर्च्या गेल्या, नाव एकीवरही नव्हतं. तिला तेवढंच हवं होतं.

"तुम्ही पक्कं ठोकायला लागलात तर आम्ही काय करायचं, खुर्च्यांना वारा घालायचा?" म्हातारा पर्सी डेल म्हणायचा.

"घाला की. हात तरी हलतील," हेट्टी खिळ्यांआडून म्हणायची.

मालक रेव्हनहिलसाहेबांनी येत्या सोमवारी तिचं म्हणणं ऐकायचं कबूल केलं, तशी ती ग्रंथालयात जाऊन जाडजूड शब्दकोश उघडून बसली. तिच्या खिळ्याला इंग्रजीत म्हणतात 'टॅक'. त्याची कुळी काढूनच ती उठली. घरी नवरा सिड, जुना खलाशी, चहात पाव बुडवत होता.

"टॅक म्हणजे शिडाच्या खालच्या कोपऱ्याची दोरी," तो म्हणाला. "आमचा शब्द आहे तो."

"तुमचा कसला! फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांबरोबर आला. तेव्हा अर्थ होता आकडा, खिळा. तुम्ही नंतर उचललात."

"आणि बोटीवरची ती दगडासारखी बिस्किटं? त्यांनाही टॅकच म्हणतात."

"ते कुणाचं पोर आहे ते कोशवाल्यांनाही नीट ठाऊक नाही. तू गप जेव."

सोमवारी रेव्हनहिलसाहेब आले. पोट पुढे, टोपी हातात. हेट्टी एका खुर्चीवर मखमलीचा नमुना लावून पाहत होती. तिने खिळे तळहातावर थुंकले आणि सुरुवात केली.

"साहेब, जरा वेळ लागेल. बसा ना." तिने बोलण्याच्या भरात त्याच खुर्चीकडे हात केला. साहेब टेकले.

पर्सीचे डोळे मोठे झाले. "हेट्टी, अगं पोरी..."

"मध्ये बोलू नकोस, पर्सी! तर साहेब, टॅक हा शब्द आधी खिळ्याचा. मग शिंप्यांनी कच्च्या टाक्याला तेच नाव दिलं. खलाशांनी शिडाच्या दोरीला दिलं. त्या दोरीवरून जहाज कुठल्या अंगाने वाऱ्याला धरायचं, त्यालाही टॅकच म्हणायला लागले! एवढ्याशा खिळ्यावर अख्खं जहाज वळतं, आणि आम्हाला तो पुरता ठोकायला..."

टक्. टक्. टक्. मखमलीखालचे कच्चे खिळे एकेक करून सुटले. साहेब सावकाश खाली गेले. गुडघे हनुवटीला लागले, टोपी छातीवर आली. कारखान्यात एकही हातोडी वाजेना.

तिचीच खुर्ची! कच्च्या पट्ट्यांवर नमुन्याची मखमल तिनेच तर अंथरली होती.

"ही... कुणी बनवली?" भोकातून आवाज आला.

पर्सी छताकडे बघायला लागला. नोकरी तर गेलीच, आता घाबरून काय करायचं, असं हेट्टीच्या मनात आलं.

"मी बनवली. आणि पुरी करायची मला बंदी आहे. तेच सांगत होते, साहेब."

भोकातून साहेबांचे दोन्ही हात वर आले.

"मग कर ना पुरी, बाई! सगळ्या कर! पण आधी मला वर काढा!"

चौघांनी ओढून काढलं. साहेब मागे न बघता निघून गेले. हेट्टीने खिळे परत तोंडात टाकले, त्याच खुर्चीच्या पट्ट्या पुन्हा ताणल्या आणि एकेक खिळा शेवटपर्यंत ठोकला. मग खुर्ची उलटी केली, पर्सीच्या कानामागची पेन्सिल ओढून घेतली आणि लाकडावर लिहिलं, 'एच. स्टॅलवुड.' थोडा विचार करून खाली आणखी एक ओळ घातली, 'मालकांनी स्वतः बसून पाहिली.'