मीच खोडलेलं वाक्य

ईरा, नील,

हे तुमचे बाबा तुम्हाला वाचून दाखवतील. मध्येच ते अडखळले तर त्यांना थांबू देऊ नका.

मागच्या रविवारी ईराने फोनवर शाळेसाठी काढलेला आपल्या घराण्याचा तक्ता दाखवला. आजोबांच्या चौकटीत तिने ‘इंजिनियर’ लिहिलं होतं. मी ‘छान’ म्हटलं. तुमचे आजोबा इंजिनियर नव्हते. निवृत्त होईपर्यंत ते पोलादाच्या भट्टीवर कामगार होते. त्यांना इंजिनियर मी केलं. कसं केलं ते सांगते.

छत्तीसगड राज्य होऊन थोडी वर्षं झाली होती. आम्ही पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये राहत होतो आणि मी नेहरू नगरच्या एका खाजगी शाळेत नववीला इंग्रजी शिकवत होते. एके दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्या शिक्षिका बसल्या असताना शाळेने बाहेरगावाहून आणलेले सल्लागार माझ्या वर्गाची एक वही उघडून उभे राहिले. तिशीचे असतील. त्यांनी एक वाक्य मोठ्याने वाचलं आणि मान वर केली.

“सात हीट? मॅडम, हीट गिनते हैं क्या? भिंडी है?”

हशा झाला. त्यांनी पान सगळ्यांकडे वळवलं.

“और मॅडम ने लिखा है, व्हेरी गुड.”

पुन्हा हशा.

वही पूर्णिमाची होती. दर शनिवारी मी फळ्यावर एक साधा इंग्रजी शब्द लिहीत असे. नियम एकच. डिक्शनरी उघडायची नाही, घरी विचारून अर्थ आणायचे. मी शिस्तीची बाई. तारीख, समास, एका ओळीत एकच वाक्य. त्या आठवड्याचा शब्द होता हीट. मुलांनी पुष्कळ आणलं. उन्हाळा. भांडणातला राग. डाळ गरम करणं. एकाचा भाऊ धावायचा, त्याने शर्यतीची पहिली फेरी आणली. आणि पूर्णिमाने लिहिलं, पप्पांच्या शिफ्टमध्ये सात हीट निघाल्या. भट्टीतून एका वेळी पोलादाचा जो घाणा निघतो, त्याला प्लांटमध्ये हीट म्हणतात. मला हे लग्न झाल्यापासून माहीत होतं. माझ्या घरात तो शब्द मिठाइतका रोजचा होता.

मी तेवढंच सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. माझं इंग्रजी त्या माणसापेक्षा कमी नव्हतं.

ते म्हणाले, “आपके हज़बंड प्लांट में हैं ना? क्या हैं?”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. सगळ्यांच्या इस्त्रीच्या साड्या, घड्याळं, पर्स. मी म्हणाले, “जी, इंजिनियर.”

“तो उन्हीं से पूछ लेतीं. इंजिनियर तो हँसेगा इस पर.”

“गलती हो गई सर,” मी म्हणाले.

मग मी वर्गात गेले. पूर्णिमाला उभं केलं आणि तिच्यासमोर ते वाक्य पट्टी धरून लाल पेनाने खोडलं. सरळ रेघ. तिने विचारलं, “मॅम, आपने ही तो कहा था, घर से पूछना.” मी म्हणाले, “सिट डाउन.”

त्या दिवशी तुमचे आजोबा फर्स्ट शिफ्ट करून आले. ताटावर बसले आणि म्हणाले, “आज आठ हीट काढल्या. पाणी प्यालेही फुरसत नाही भेटली.” मी भाजी वाढत होते. हा माणूस हा शब्द बोलतो, याची मला लाज वाटली. खरं लिहिते. त्या सल्लागाराची नाही, माझ्या नवऱ्याची लाज वाटली.

“कावून अशी चूप आहेस?” त्यांनी विचारलं.

“ऊन लागलं,” मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात पालकांची सभा होती. वर्गात रांग होती आणि सल्लागार माझ्या टेबलाजवळ खुर्ची घेऊन बसले होते. पूर्णिमाचे वडील आले. एवढ्या उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या, बटणं लावलेली. बाह्यांखाली भाजल्याचे व्रण झाकलेत ते मला कळलं. तुमचे आजोबाही लग्नाकार्यात तसेच जात. पूर्णिमाचे वडील खुर्चीवर बसले नाहीत. हात जोडले.

“नोनी ला झन डांटहू मॅडम. गलती मोर आय. महीं बताए रहेंव.”

पोरीला रागावू नका, चूक माझी आहे, मीच तिला सांगितलं होतं. ज्या कामात त्यांची कातडी गेली, त्या कामाच्या शब्दाबद्दल तो माणूस माझी माफी मागत होता. बाजूला पूर्णिमा फरशीकडे बघत उभी होती.

मग ते भाबडेपणाने म्हणाले, “हमन तो ओला हीटेच कहिथन. घर मा भैया ले पूछ लेतेव न मॅडम. हमन एके भट्ठी मा काम करथन.” आम्ही तर त्याला हीटच म्हणतो, घरी भैयांना, म्हणजे तुमच्या आजोबांना, विचारायचं होतं, आम्ही एकाच भट्टीवर आहोत.

सल्लागारांनी माझ्याकडे पाहिलं. “एक ही भट्ठी में? आप तो इंजिनियर बोल रही थीं.”

हे ऑफिसचं काम पाहतात, बदली झाली, काहीही सांगता आलं असतं. खोटं तोंडात तयार होतं. पण ते जोडलेले हात अजून खाली आले नव्हते. माझ्या उत्तराची वाट बघत होते.

मी उभी राहिले. “मैंने झूठ कहा था. मेरे पति इंजिनियर नहीं हैं. इनके साथ भट्टी पर हैं. और ये शब्द सही है. मुझे उस दिन भी मालूम था.”

“मॅडम, अंदर बात करते हैं.”

“नहीं. यहीं. आप हँसे थे तो सबके सामने हँसे थे.”

मी वही मागून घेतली. खोडलेल्या वाक्याखाली इंग्रजीत लिहिलं, हे वाक्य बरोबर आहे, चूक शिक्षिकेची आहे. खाली पूर्ण सही केली. मग पूर्णिमाच्या वडिलांना म्हणाले, “भाऊ, हात खाली घ्या.” मराठीतच म्हणाले. त्यांना कळलं.

शाळेने मला पुढच्या वर्षी ठेवलं नाही. त्याचं दुःख नाही. दुःख वेगळं आहे. वर्ष संपेपर्यंत पूर्णिमाने घरून एकही शब्द आणला नाही. दर शनिवारी डिक्शनरीतलं उतरवून आणायची. सुंदर अक्षरात. एकही चूक नाही. मी केलेली दुरुस्ती तिच्यापर्यंत पोचलीच नाही.

त्या सभेच्या संध्याकाळी मी तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मी का चोऱ्या करत होतो भट्टीवर?” एवढंच. आठ दिवस त्यांनी घरात कामाचा विषय काढला नाही.

तरीही पुढे तुमच्या बाबांच्या लग्नाच्या वेळी बायोडाटावर आजोबांच्या नावापुढे इंजिनियर आलं. तुमच्या बाबांनी लिहिलं, मी वाचलं आणि पुढे दिलं. भर वर्गात खरं बोललेली मी, सोयऱ्यांसमोर पुन्हा गप्प बसले. तुमच्या आजोबांनी तो कागद पाहिला होता. घडी करून परत दिला. आता ते नाहीत. त्यांची माफी मागायची राहून गेली.

म्हणून हे ठरवून लिहिते आहे. तुमच्या आजीआजोबांना, तुमच्या आईच्या आईवडिलांना, मी काल फोन करून खरं सांगितलं. त्यांना काय वाटलं ते त्यांचं. यापुढे माझ्यासमोर कुणी कुणाच्या हातच्या कामाला, त्या कामाच्या शब्दाला हसलं, तर मी तिथेच बोलणार. हसणारे तुम्ही असलात तरी.

माझे गुडघे गेले. एका डोळ्याने दिसत नाही. आवाज शाबूत आहे.